नुता पिंजारीण आणि चौकातली खुर्ची

शेजारच्या सिएना शहराने आपला चौक सजवला म्हटल्यावर आमच्या नगरसभेला झोप कशी लागणार? इटलीतल्या एका डोंगरावरचं आमचं एवढंसं गाव, पण हौस दांडगी. फर्मान निघालं: चौकाकडे तोंड असलेल्या प्रत्येक घराला मधे बारीक खांब असलेली जोडखिडकी हवी, आणि लाकडी सज्जे झाडून सगळे पाडायचे. चौक म्हणजे म्हणे गावाचा चेहरा!

सगळ्यांनी मुकाट्याने पाडले. अडली एकटी नुता. लोकर पिंजणारी विधवा, तोंडाची फटकळ. नवरा गेल्यावर दीर घर मागायला आला, तर हिने हातात पिंजण घेऊन त्याला जिन्यावरून पळवला होता.

तिचा सज्जा मीच बांधलेला, मी मेओ सुतार. तिची आई, आमची बीचेमावशी, पायांनी अधू झाली तेव्हाची गोष्ट. मावशी दिवसभर सज्ज्यात बसायची. खाली कोण भांडलं, कोणाचं खेचर बिथरलं, सगळं तिला ठाऊक. आत कोंडलं तर म्हातारी झुरून मरेल, हे नुताला पक्कं माहीत होतं.

नगरसभेचा कारभारी नाद्दो दोन शिपाई घेऊन आला.

"बाई, सज्जा उतरवा. आई खिडकीतून बघेल की."

"अहो कारभारी, तिला उभं राहता येत नाही. बसल्या जागेवरून तिला नुसतं आभाळ दिसणार. तिकडे बघायला अजून वेळ आहे तिला!"

"कायदा सगळ्यांना सारखा."

"मग आधी नगरसभेचा सज्जा पाडा."

"तो दगडी आहे. कायदा लाकडी सज्ज्यांचा."

"हात्तिच्या! म्हणजे गरिबाचं तेवढं कुरूप!"

लोक खो खो हसले, पण हसून काय होतंय? शिपायांनी सज्जा पाडलाच. माझ्या हातच्या फळ्या धाडधाड खाली पडताना पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नुता मात्र रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिची हाक आली, "मेओदादा, वर ये. खुर्चीची एक बाजू धर."

मावशीला खुर्चीसकट खाली आणलं. मी खुर्ची भिंतीच्या सावलीत टेकवायला लागलो, तर मावशी म्हणाली, "पुढे." विहिरीपाशी थांबलो. "अजून पुढे, मेल्या, दमलास का?" चौकाच्या ऐन मध्यावर, नगरसभेच्या दारासमोर, म्हणाली, "हां. इथंच."

नाद्दो धावत आला. "नुताबाई, हा काय तमाशा? आज बिशप यायचेत, त्यांची मिरवणूक इथूनच जाणार!"

"कायद्यात खिडक्या आहेत, सज्जे आहेत. म्हातारी कुठं लिहिलीय, दाखवा."

तो मावशीपुढे वाकला. "आजी, तुम्ही तरी समजून घ्या. हा चौक सगळ्या गावाचा आहे."

मावशी म्हणाली, "तू जन्मला नव्हतास, तेव्हा हा चौक मोकळा करायला इथली घरं पाडली, पोरा. या विटांच्या फरशीखाली माझ्या बापाची चूल आहे. मी माझ्या माहेरी बसलेय. उचलतोस?"

नाद्दोने शिपायांकडे पाहिलं. शिपाई जमिनीकडे बघायला लागले.

बिशपांची मिरवणूक मावशीला वळसा घालून गेली. पुढे मावशी होती तोवर बाजाराच्या गाड्याही तसाच वळसा घालायच्या.