देवमनच्या तळ्यातली काठीची बोट

समुद्रापासून शेकडो मैल लांब असलेल्या मोताळ्यात समुद्राचे किस्से जमतील असं कुणाला वाटेल? पण नेव्हीतून रिटायर होऊन मी गावी आलो, चहाच्या टपरीवर टॉर्पेडोविषयी, म्हणजे जहाजं बुडवणाऱ्या पाण्यातल्या बॉम्बविषयी, बडबडलो, आणि तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. आता एक किस्सा सांगावा तर दुसरा आपणच शेजारी येऊन बसतो. सुरुवात हसण्यानं होते. मग कुणीतरी म्हणतं, "राहू दे बे, अंधार पडून राह्यला!"

टपरीवरच आमचं मंडळ जमलं, त्यात आम्ही तिघं. मी, लेथवाला गजानन आणि भाजीपाला पिकवणारा देवमन. देवमनचं शेततळं हा आमचा समुद्र! जुन्या टॉर्पेडो बोटींची मॉडेलं करायची आणि संध्याकाळी तिथं सोडायची, एवढाच उद्योग.

*

पहिल्याच दिवशी मी सांगितलं, "सुरुवातीला टॉर्पेडो पळत नव्हता. छोट्या वाफेच्या बोटीला पुढं लांब काठी, काठीच्या टोकाला दारू. अंधारात मोठ्या जहाजाला जाऊन टोचायचं आणि दोरी ओढायची."

गजाननने वेल्डिंगचा चष्मा वर केला. "इतक्या जवळून? मंग बोटीतले वाचत कसे?"

"पुष्कळदा नाही वाचायचे."

"मंग जात काऊन होते?"

 देवमन शांतपणे म्हणाला, "दोरी कोनाच्या तरी हाती द्याच लागते ना." तेव्हापासून आमच्या मॉडेलची दोरी त्याच्याकडेच.

*

मग ओढत न्यायचा टॉर्पेडो केला. बोट पुढे, दोराला बांधलेला टॉर्पेडो मागे. बोट जहाजाच्या बाजूनं जाणार, मागचा जहाजाला धडकणार. आमच्या बोटीनं वळण घेतलं आणि टॉर्पेडो बरोबर तिच्याच कुशीत बसला.

"याले दुश्मनाची गरजच नाई!" गजानन म्हणाला.

*

त्यानंतर माशाच्या आकाराचा, स्वतःच्या पंख्यावर पळणारा. सुरुवातीचे खरेही भरकटायचे. आमचा तळ्याच्या मध्यापर्यंत गेला, थांबला, वळला आणि काठावर बसलेल्या देवमनच्या पायाशी, तळ्याच्या प्लास्टिकच्या अस्तराला नाक लावून गुरगुरत राहिला. पुन्हा सोडला. पुन्हा देवमन! त्यानं खुर्ची उचलून दुसऱ्या काठाला नेली. पुन्हा देवमन!

"वळखते मले," तो हसला.

मला काही हसू आलं नाही. मी बॅटरी काढून खिशात टाकली.

त्याच महिन्यात देवमन गेला. तळ्याच्या काठी, खुर्चीत बसल्या बसल्या, हार्ट अटॅक. मांडीवर अर्धी रंगवलेली काठीची बोट होती. जिवाला फार चटका लागला.

*

त्याच्या बायकोनं, सिंधूवहिनींनी, तळं बुजवायचं ठरवलं. "त्या पान्याकडं पाह्यवत नाई, भाऊजी. अन् पान्याबिगर भाजीपाला कसा करू?" मग स्वतःच म्हणाल्या, "त्याइची बोट एकडाव चालवा. चालली तं तळं ठेवते. नाई तं जेसीबी बोलावते."

गजाननने बोट पुरी केली. काळी कुळकुळीत, पाण्याला चिकटून चालणारी, जुन्या टॉर्पेडो बोटींसारखीच. काठीच्या टोकाला दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलाचा घोडा, घोड्याला दोरी. थर्माकोलच्या जहाजाला काठी टेकली की काठावरून दोरी ओढायची.

"दोरी द्या माह्यापाशी," वहिनी म्हणाल्या आणि देवमनच्या खुर्चीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

बोट निघाली. दिवस मावळत होता. काळी बोट दिसेना, नुसती पाण्यावरची रेघ पुढं सरकत होती. रेघ जहाजाला भिडली. फट्! टिकली फुटली, अगदी ऐन वेळेला! गजानन टाळ्या पिटायला लागला.

बोट मात्र चालतच राहिली. दोरी ताणली गेली.

"वहिनी, दोरी सोडा! तुटेल!" मी ओरडलो.

वहिनींनी दोन्ही हात वर केले. रिकामे.

"मी धरलीच नाई, भाऊजी. मले भेव वाटलं. खुर्चीवर नुसती ठेवली होती."

खुर्चीपासून बोटीपर्यंत दोरी ताठ होती, गाठ कुठंच नव्हती. एका हातानं उचलता येईल अशी ती प्लास्टिकची खुर्ची जागची हलत नव्हती.

 वहिनी पदर सावरून खुर्चीच्या पायाशी खाली बसल्या.

"जेसीबीवाल्याले नाई म्हनून सांगा," म्हणाल्या.