भाईंदरची महाग वीज

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही — तिला न सांगताच कळलं असेल, तर ते वेगळं. तुम्ही म्हणाल, असं काय मोठं केलंस? खून नाही, चोरी नाही. विजेच्या बिलाची गोष्ट आहे. हसू येईल तुम्हाला. सुरुवातीला तरी येईल.

तेव्हा आम्ही भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या बाजूला राहायचो. वन रूम किचन. मी, सुनंदा आणि शाळेत जाणारी मुलगी. मी एका छोट्या कारखान्यात हिशेब बघायचो, त्यामुळे बिल्डिंगमध्ये माझं एक नाव झालं होतं — बिल कळत नसेल तर यांच्याकडे जा. समोरच्या गुजराती बेन यायच्या, खालच्या मजल्यावरचे टॅक्सीवाले भैया यायचे. तक्रार सगळ्यांची एकच. "स्लॅब बदल गया भाईसाब, पूरा बिल ऊपर के रेट से लगा दिया."

मग मी चहा सांगायचो आणि समजावत बसायचो. अहो, तसं नसतं. पहिल्या टप्प्यातली युनिटं स्वस्त दराने धरतात, टप्प्याच्या वर जी जातील तेवढीच महाग दराने. वरची महाग झाली म्हणून खालची महाग होत नाहीत. किती जणांना समजावलं असेल! सुनंदा आतून म्हणायची, "झाला यांचा क्लास सुरू." हे आधीच सांगतोय, कारण पुढचं ऐकून तुम्ही मला अडाणी समजाल. मी अडाणी नव्हतो. मला नीट माहीत होतं.

गाव आमचं रत्नागिरी जिल्ह्यात. गणपतीत सगळे जमलो की आरतीनंतर ओटीवर पुरुषमंडळींचा एक कार्यक्रम ठरलेला — कुणाकडे काय महाग. त्यातही खरी चढाओढ विजेची. राहणार वेगवेगळ्या ठिकाणी, कंपन्या वेगळ्या, दर वेगळे. थोरला दादा लालबागला. तो ऐटीत सांगायचा, शहरातली वीज सगळ्यात स्वस्त. गावचे चुलते म्हणायचे, "आमची त्याहून स्वस्त. येतच नाय, तर बिल कसलं!" त्या वर्षांत गावाला दिवसाचे कितीतरी तास लोडशेडिंग असायचं. आणि भाईंदर? सगळ्यांत महाग, पण वीज सहसा जायची नाही. त्या महागाईची मला, खरं सांगतो, थोडी मिजासच होती.

बाबा गेल्यानंतरच्या गणपतीत मात्र ओटीवर आईचा विषय निघाला. तिला दमा. दम लागला की मशीनवर वाफेतून औषध घ्यायचं, आणि मशीन चालणार विजेवर. तिने गावात एकटीने राहणं धोक्याचं, हे सगळ्यांना पटलेलं होतं. दादाची चाळीतली एक खोली, आत पाच माणसं. राहिलो मी. मला कुणी विचारलंही नाही, सगळे धरूनच चालले होते. सुनंदाने तर घरून निघण्याआधी कपाटातला खालचा कप्पा आईच्या लुगड्यांसाठी रिकामा केला होता.

आणि मला — थांबा, हे नीट सांगायला हवं. मला आई घरात नको होती.

माया नव्हती असं नाही. पण तिचा रात्रभरचा खोकला, दार सताड उघडं टाकून जिन्यातल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलावणं, मी जेवताना समोर बसून घास न् घास बघणं — तिच्यापुढे मी पुन्हा शाळेतला पोरगा व्हायचो. कुठे चाळिशीत स्वतःच्या मर्जीचं घर झालं होतं. ते मला कुणाशी वाटून घ्यायचं नव्हतं. सांगता येतं का हे? 'आई नको' असं तोंडाने म्हणायलाही धमक लागते. माझ्यात तेवढीही नव्हती.

मग मी वीज पुढे केली. विजेचं एक बरं असतं, तिच्यावर कुणी रुसत नाही.

"मग आईचं कसं करतोयस?" दादाने विचारलं. मी बिलापासून सुरुवात केली. बिल सांगितलं मे महिन्याचं — ज्या महिन्यात सासुरवाडीची माणसं राहून गेली होती आणि पंख्यांना उसंत नव्हती. ते काही मी बोललो नाही. दादाने आपलं नेहमीचं बिल सांगितलं. आकड्यांतला फरक ओटीवर सगळ्यांनी ऐकला. तेव्हा मी म्हणालो, "आमच्याकडे स्लॅब असतो ना. आई आली, दिवसभर पंखा लागला, मशीन लागलं, की टप्पा ओलांडणार. आणि एकदा ओलांडला की अख्खं बिल वरच्या दराने."

अख्खं. तो शब्द मी जोर देऊन म्हटला. खरा फरक किती पडला असता? रविवारी कोळणीकडून घ्यायचो त्या मासळीएवढासुद्धा नाही. तो हिशेब मी तिथेच, बोलता बोलता, मनात केलेला होता.

सुनंदा माजघराच्या दारात मोदकांचं ताट घेऊन उभी होती. माझा क्लास तिने शेकडो वेळा ऐकला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, ताट खाली ठेवलं आणि आत गेली.

आई तिच्या मागेच होती. पदराला हात पुसत पुढे आली. "नको रे बाबा, मी हितंच बरी," ती म्हणाली. "माज्यापायी त्याचं बिल कशाला वाढवताव?" आवाजात राग नव्हता. उलट माझी अडचण सोडवल्यासारखं बोलली. पुढे गावात बोललं गेलं, की मुळात सुनेलाच सासू नको असणार. तेही माझ्या कानावर आलं आणि मी सोडून दिलं. सुनंदाने घरी येऊन कपाटाचा कप्पा पुन्हा भरला.

नंतर एका मे महिन्यात आई डोळे दाखवायला आठवडाभर आमच्याकडे आली. एक दिवस समोरच्या बेननी मला जिन्यात थांबवलं. "भाई, माँजी पूरा दिन पंखा बंद करके बैठती हैं. इतनी गरमी में! बोला तो हँसती हैं." मी म्हटलं, "गाँव की आदत है."

दुसऱ्या दिवशी मी दुपारीच घरी आलो. सुनंदा मुलीला घेऊन बाजारात गेली होती. आई खिडकीखाली भिंतीला टेकून बसली होती, पंखा बंद. कपाळ, मान घामाने भिजलेली. पदराने वारा घेत होती आणि त्यानेच तिला धाप लागली होती.

"आई, अगं पंखा लाव की."

"लावते रे," ती म्हणाली. मग जरा घुटमळून विचारलं, "या महिन्याचा तुजा टप्पा किती ऱ्हायलाय?"

घरात तिसरं कुणी नव्हतं. बेनना, भैयांना चहा पाजून जे सांगायचो ते चार वाक्यांत सांगून झालं असतं. ती हसली असती. कदाचित रडली असती. कदाचित राहिलीही असती — आणि मला वाटतं, माझी जीभ तिथेच अडली. मी बटण दाबलं आणि म्हणालो, "आहे अजून थोडा."

"मग ऱ्हाऊ दे जरा येळ," ती म्हणाली आणि तोंड वर करून वारा घेतला. थोड्या वेळाने उठून तिनेच पंखा बंद केला. मी पाहत होतो. परत लावला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. गावाला, भर दुपारी. गावात वीज नव्हती. मशीन शेजारी तयार ठेवलेलं होतं, नळी हातात होती, असं चुलतीने सांगितलं. वीज असती तर वाचली असती का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मलाही येत नाही. पण भाईंदरला त्या दुपारी वीज होती, एवढं मला माहीत आहे. मी ऑफिसात पंख्याखाली बसलो होतो.

तेराव्याला ओटीवर सगळे जमले. मला रडू आवरत नव्हतं, आणि ते रडणं खोटं नव्हतं. दादा उठून माझ्याजवळ येऊन बसला, पाठीवरून हात फिरवू लागला.

"मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "तुमच्याकडची वीजच परवडत नाही, त्याला तू काय करणार?"

चुलत्यांनी माना डोलावल्या. मग एकेक जण उठून माझी समजूत घालू लागला. सुनंदा दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. सगळ्यांनी माझी समजूत घातली आणि मी ती घालून घेतली.