जर्मनच्या खाणीचं खालचं तोंड

पोलिसाने आपली सगळी प्रकरणं लक्षात ठेवली तर त्याला वेड लागेल. मी बहुतेक विसरलो, आणि बरं झालं विसरलो. पण माहूरच्या पलीकडच्या डोंगरातली, जर्मनच्या खाणीची ती घटना आजही काल घडल्यासारखी आठवते. त्यातली माणसं साधी होती, त्यांची नावं घेत नाही.

निजामाच्या राजवटीची ती शेवटची वर्षं. ठाण्याच्या अधिकाऱ्याला तेव्हा अमीन म्हणत, जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाला मोहतमीम. कागद सगळे उर्दूत. मी नवा अमीन होतो, डोकं गरम आणि आवाज त्याहून गरम. दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं, आणि ‘जर्मन’ हा शब्द कागदावर आला की वरचे अधिकारी खुर्चीतून उठत. आता आमच्या हद्दीत एक ओढाच ‘जर्मनचा ओढा’ म्हणून ओळखला जाई, त्याला मी काय करणार?

ते नाव पडलं त्याची हकिकत अशी. पहिल्या महायुद्धाच्या आधी एक जर्मन साहेब सरकारकडून पट्टा घेऊन त्या डोंगरात आला. आसपासची माणसं कामाला लावून त्याने कोळशाची लहानशी खाण काढली. कोळसा मातकट, धूरच जास्त. तरी बैलगाड्या पैनगंगा ओलांडून वऱ्हाडातल्या जिनिंगांना जात. साहेब मोठा काटेकोर. छताला दिलेला सागाचा प्रत्येक टेकू स्वतः ठोकून बघायचा, दसऱ्याला कुदळी-फावड्यांच्या पूजेला हात जोडून उभा राहायचा. मग युद्ध लागलं, इंग्रजांच्या सांगण्यावरून त्याला धरून नेलं, आणि तो काही परत आला नाही. खाण सरकारजमा झाली, वरचं तोंड दगडांनी बुजवलं. टेकू आत कुजत राहिले.

त्या खाणीत तरुणपणी राबलेला एक म्हातारा जवळच्या वाडीत राहत होता. बायको गेलेली, एकच मुलगी. ती गावातच एका लोहाराला दिलेली. एके दिवशी गावचा पोलीस पटेल ठाण्यात आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “अमीनसाब, म्हातारा कालपासून गायब हाय. बाजारात जावयासंगं लई भांडण झालं त्याचं. जावई सगळ्यांदेखत म्हणला, ‘तुम्ही मेले तरी चालंल, पण मी ऐकणार न्हाई.’ सांजच्याला तोच ओढ्याकडून येताना माळ्यानं पाहिला. हात काळे, कपड्याला चिखल.”

एवढी खबर मिळाल्यावर कोणता अमीन स्वस्थ बसेल? जमादाराला ओढ्यावर पाठवलं. डोहाच्या काठावर म्हाताऱ्याच्या वहाणा मिळाल्या, शेजारी शेजारी ठेवलेल्या, पंजे पाण्याकडे. गडी वहाणा काढून काठावर बसला असेल आणि कुणीतरी मागून ढकललं असेल, हे शेंबडं पोरही सांगेल असं आम्हाला वाटलं. डोहात गळ टाकले. प्रेत लागेना. डोह खोल होता, पोटात कपारी होत्या, म्हणून त्याचंही आम्हाला नवल वाटलं नाही. जावयाला हवालातीत घातलं.

“ओढ्याकडे कशाला गेला होतास?”

“शेळी हुडकत होतो साहेब.”

“तुझ्याकडे शेळी आहे?”

जमादार हसून म्हणाला, “याच्या घरी कोंबडीसुद्धा न्हाई, साब.”

“मग भांडण कशावरून झालं?”

“घरगुती.”

माणूस खोटं बोलताना किती सांभाळून बोलतो याकडे मी नेहमी लक्ष देतो. सराईत भरभरून सांगतो, ऐकणाऱ्याला दमवतो. हा एकेक शब्द तोंडातून ओढून काढायला लावत होता. घाबरला होता हे नक्की. पण कशाला, ते मला कळत नव्हतं, आणि समजून घ्यायचा धीरही नव्हता. मोहतमीमसाहेब दौऱ्यावर येणार होते, त्यांच्यासमोर गुन्हा कबूल केलेला आरोपी उभा करायचा होता. जवान मारायला कमरेचा पट्टा सोडून बसला होता. मी म्हणालो, “जेवू दे त्याला. मग बघू.”

त्याची बायको भाकरी घेऊन आली. पोटुशी होती, चेहरा काळवंडलेला. बाप बुडालेला आणि नवरा त्याच्या खुनासाठी अडकलेला. बाईने रडावं तरी कुणासाठी? फडक्यातली भाकरी जवानाकडे देता देता तिची नजर टेबलावरच्या वहाणांवर गेली. ती जवळ गेली, हात लावला नाही.

“ह्या कशा ठेवल्या होत्या, जमादार?”

“पाण्याकडं पंजे करून. डोंगराकडं टाचा.”

बाई मटकन खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. पाणी आणा म्हणून ओरडलो, तर ही हसते आहे आणि रडतेही आहे!

“माझा बा पाण्यात न्हाई गेला, साहेब! पाण्यात जाणारा अशा कशाला ठेवील? खाणीत जाणारा ठेवतो अशा! आत शिरायच्या आधी पायतान काढायचं अन् बाहेर तोंड करून ठेवायचं, म्हंजी आत गेलेले पाय माघारी येतात. खाणीतले समदे गडी असंच करायचे. जर्मनसाहेब बूट काढीना, तर त्याची टोपी ठेवून घ्यायचे बाहेर तोंड करून. बा अजून घरातबी तशाच ठेवतो.”

“अगं, पण खाण तर तिकडे वरच्या अंगाला...”

तेवढ्यात हवालातीचे गज कुणीतरी धरून हलवले. लोहार ओरडत होता.

“खालचं तोंड! साहेब, खाणीचं पाणी काढायचं खालचं तोंड हाय, ओढ्यामागं! मामालाच ठाऊक हाय. त्याच्यावरूनच भांडलो होतो!”

आता त्याच्या तोंडाला धबधबा लागला. युद्धामुळे भट्टीला कोळसा मिळत नव्हता. म्हातारा वाट दाखवीना, म्हणून हा स्वतःच ओढ्याकाठी उकरत फिरला. सरकारी खाणीतली चोरी, त्यात ती जर्मनची! हे कबूल केलं तर हेरगिरीत अडकवतील म्हणून बिचाऱ्याने शेळी उभी केली होती.

“अरे गाढवा, खुनापेक्षा चोरी बरी नव्हती का?” मी म्हणालो.

“मला वाटलं, मामा रुसून पाहुण्याकडं गेले असतील. येतील.”

लोहाराला हात बांधून आणि त्याच्या बायकोला सोबत घेऊन आम्ही तडक निघालो. वहाणा जिथे सापडल्या त्याच्या सरळ मागे करवंदीची जाळी होती, आणि जाळीमागे डोंगराची ताजी माती खचलेली. हाका मारल्या. उत्तर नाही. आरोपीचे हात सोडायचे नाहीत असा कायदा आहे. मी सोडले. लोहाराने फावडं असं चालवलं की बाकीच्यांना जवळ जाता येईना. त्याची बायको कडेला उभी राहून रेणुकामाईला हाका मारत होती. माझ्याही तोंडून नकळत “माय, वाचव गं” निघून गेलं.

बऱ्याच वेळाने एक धोंडा निघाला आणि आतून बारीक, पण भलताच चिडका आवाज आला.

“हळू, जावईबापू, हळू! डोस्क्यावर पाडता का आता? आधी टेकू लावा!”

खरं सांगतो, त्या क्षणी मी माझ्या जमादाराला मिठी मारली. वयाने बापासारखा माणूस, तोही लाजला. मग म्हातारा आतून शिव्या देत होता आणि आम्ही, सरकारी पोलीस, त्याच्या हुकमाने टेकू लावत होतो. बाहेर आला तेव्हा डोळे दिपलेले, अंग कोळशाने माखलेलं, पण हातपाय धड. झिरपणारं पाणी पिऊन तग धरून राहिला होता.

“कशाला मरायला आत गेला होतास?” मी खेकसलो.

त्याने जावयाकडे बघितलं. “ह्यो ऐकंना. आज ना उद्या तोंड हुडकलंच असतं ह्यानं. टेकू समदे कुजलेले. म्हणलं, आपणच आतला टेकू पाडावा, वाट बुजवून टाकावी. पाडला, पण बाहेर निघायच्या आधीच छत आलं. जाऊ द्या. पोरीचं कुंकू काय त्या भुयारात घालू?”

लोहार खाली मान घालून उभा होता. मुलगी पुढे झाली, बापाच्या तोंडावरची काजळी पदराने पुसायला लागली, आणि पुसता पुसताच कडाडली, “तुम्ही माझं कुंकू वाचवाया गेले, बा, अन् तेच फासावर निघालं होतं! सांगून जायाचं व्हतं की!”

मग बापाच्या गळ्यात पडून तिने असा हंबरडा फोडला की जवानांनीही तोंडं फिरवली. म्हातारा तिच्या पाठीवरून हात फिरवत एवढंच म्हणत राहिला, “चुकलं माय, चुकलं.”

मोहतमीमसाहेबांना मी सगळं खरं सांगितलं. ते खूप वेळ हसले आणि म्हणाले, “खाण सरकारची होती, तिचं खालचं तोंडही बंद झालं. बरंच झालं की!” चोरी घडलीच नव्हती, म्हणून गुन्हाही नोंदला नाही.

त्या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. पुरावा खोटा नव्हता. त्याचा अर्थ आम्ही घरच्या माणसाला विचारला नव्हता, एवढंच. पुढे साऱ्या नोकरीत मी एक नियम पाळला. प्रेत मिळेपर्यंत कागदावर ‘मयत’ हा शब्द कुणाला लिहू दिला नाही. “बेपत्ता लिहा,” म्हणायचो. “बेपत्ता माणूस घरी येऊ शकतो.”