फळ्या फुगण्याची वाट

उन्हात रापलेल्या लाकडाला माशाचं तेल फासलं की जो उग्र, खारट वास उठतो, तो साबणाने जात नाही. आखाती वाळवंटातल्या अल ऐन शहरात, आमच्या नीटनेटक्या फ्लॅटमध्ये सुट्टीला गेलो की दार उघडताक्षणी माझी बायको रीटा नाक मुरडून मला न्हाणीघराकडे पिटाळते. ती तिथल्या इस्पितळात नर्स आहे. मी तिथून दूर, किनाऱ्यावरच्या देऱ्याच्या खाडीत पर्यटकांना जेवणासाठी फिरवणाऱ्या एका जुन्या लाकडी गलबताची देखभाल करतो आणि आठवडाभर त्याच्याच केबिनमध्ये राहतो. "एक पाय पाण्यात, एक वाळूत, हा कसला संसार?" असं आई वसईहून फोनवर विचारते आणि तिचं काही चुकत नाही.

सकाळी तळाचं पाणी उपसायचं, दोर चाचपायचे, गोड्या पाण्याने लाकूड कुजतं म्हणून डेक खाडीच्या पाण्यानेच धुवायचा, हे सारं मला आवडतं असं मी सांगत आलो आहे. अल ऐनला मात्र खजुरीच्या सावल्यांतले ते निःशब्द रस्ते आणि पायाखालची अचल फरशी मला अस्वस्थ करतात. तासाभरात मी गाडीची किल्ली शोधू लागतो. पायाला भिंगरी आहे माझ्या, असं रीटा पूर्वी हसत म्हणायची. आता हसत नाही.

या उन्हाळ्यात गलबत तळ खरवडण्यासाठी गोदीत चढवलं आणि पाण्याखालच्या पंख्याचा एक भाग वेळेवर न आल्याने ते ऐन उन्हात रखडलं. फळ्या सुकून आक्रसल्या, फटींतून पलीकडचा प्रकाश दिसू लागला. नवा मॅनेजर म्हणाला, "भर दो ना सब, खलास!" पण सुक्या फटी ठासून भरल्या, तर पाण्यात फुगणाऱ्या फळ्यांना जागा उरत नाही आणि खिळे उपटून येतात. म्हणून तेलात भिजवलेला कापूस हलक्या हाताने बसवायचा, गळणारी नौका तशीच पाण्यात सोडायची आणि फळ्या पाणी पिऊन आपोआप एकमेकींना बिलगेपर्यंत पंप चालू ठेवून वाट पाहायची. मी तेच केलं.

मालकाने बजावलं होतं: शनिवारच्या पार्टीपर्यंत पाणी थांबलं नाही, तर हे गलबत मोडीत आणि त्याजागी फायबरची बोट. इकडे अल ऐनच्या एका हॉटेलने मला देखभालीची नोकरी देऊ केली होती. त्यांनाही शनिवारीच उत्तर हवं होतं.

शनिवारी दुपारी रीटा आमच्या ॲनाला घेऊन धक्क्यावर आली. वाफाळलेल्या हवेत खाडी शिशाच्या रंगाची दिसत होती.

"पपा, इज इट सिंकिंग?" ॲनाने विचारलं.

"इन्शाल्ला, नाही," मी म्हणालो.

"हॉटेलवाल्यांचा फोन येईल आता," रीटा म्हणाली. "मी तुला फोर्स नाही करत. पण बोल काहीतरी."

मी माझा फोन तिच्या हातात ठेवून तळात उतरलो. इतक्यात पंप कोरडा खाकरला. मी तो बंद करून हात फळ्यांवरून फिरवला. ओल होती, पण धार कुठेच नव्हती. मला आनंदाने ओरडायला हवं होतं. त्याऐवजी मी पंपाशेजारीच खाली बसलो. कळलं ते असं, की इतके दिवस जिवाचं रान करून मी हे गलबत वाचवत होतो आणि त्याच वेळी ते बुडावं अशी आतून वाटही पाहत होतो. ते गेलं असतं, तर मी निमूट अल ऐनला गेलो असतो आणि तिथल्या साऱ्या तगमगीचं खापर या लाकडावर फोडून मोकळा झालो असतो.

वर आलो. रीटाच्या हातातला फोन वाजत होता. तिने तो उचलला नाही, माझ्यापुढे धरला.