वाण परत मागायचं नसतं

त्या वर्षी माझ्या अंगात डॉक्टर संचारला होता. शिक्षण बी.कॉम., पण मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून हृदय, साखर, चरबी सगळं मला कळायला लागलं होतं. सकाळी झिंक, दुपारी लोह, रात्री मॅग्नेशियम. जेवण आपलं मधे तोंडी लावायला. बाबा म्हणायचे, "पोट्टी जेवते कमी, गिळते जास्त. एक दिवस भंगारवालाच घेऊन जाईन हिले."

संक्रांत आली. आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात घरच्या हळदीकुंकवाला पंचवीसेक बायका येतात. वाण म्हणून आई दरवर्षी गोल बाजारातून स्टीलच्या वाट्या आणायची. मी म्हटलं, "वाट्यांनी कोणाचं बीपी उतरलं आजपर्यंत? कमी सोडियमचं मीठ दे. त्यात पोटॅशियम असते. हृदयाले चांगलं."

"पक्कं ना?" आईनं विचारलं.

"हव," मी ठोकून दिलं.

मीठ वाटलं गेलं. उरलेली पाकिटं आईनं स्वयंपाकघरात घेतली आणि जुनं मीठ कामवाल्या दीदींना देऊन टाकलं. बाबांना बीपीची गोळी चालू होती, किडनीही जरा थकलेली. किडनीचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारा, असं पाकिटाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं. मी फक्त पुढची बाजू वाचली होती. विद्वान माणसं मागची बाजू वाचत नाहीत.

तीन आठवड्यांत बाबांच्या पायांतला जीव गेला. जिन्याच्या दुसऱ्याच पायरीवर ते बसले. नाडी पाहिली तर फारच सावकाश चाललेली. दवाखान्यात ईसीजी काढला, रक्त तपासलं. पोटॅशियम भलतंच वाढलं होतं. नवीन काय खाता, असं डॉक्टरांनी विचारल्यावर मी मान खाली घालून मिठाचं सांगितलं. ते चिडले नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाले, पुष्कळांना हे मीठ चांगलंच. पण यांची गोळी पोटॅशियम अंगात धरून ठेवते आणि किडनी ते बाहेर टाकत नाही. आणखी उशीर झाला असता तर हृदय थांबलं असतं.

छातीवर तारा चिकटवलेले बाबा म्हणाले, "मारायचंच होतं तर जिलेबी चारून मारायचं व. मीठ काहून?"

मला हसू आलं नाही. मी बाहेर जाऊन रडले.

तिसऱ्या दिवशी धोका टळला, तशी आई खुर्चीवरून उठली. "अन् बाकीच्या घरचे?"

प्रत्येक घरात बीपीचं कोणी ना कोणी होतंच. मी म्हटलं, फोन करून सांगू. आई म्हणाली, "फोनवर हो हो म्हणतात अन् खातात." जिनं शेजारी गेलेली वाटीसुद्धा कधी परत मागितली नाही, ती दिलेलं वाण परत मागायला पिशवी घेऊन निघाली. मी मागे.

पहिल्या घरच्या काकू आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग कपाटातून पाकीट काढलं. साडीखाली, जसंच्या तसं. "ठेवलं होतं व, पुढच्या वर्षी कामी येईन म्हणून." दुसऱ्या घरच्या सुनेला तेवढीही लाज वाटली नाही. "आंटी, वो तो वैसा ही रखा है. किसी को देना ही था." एकीनं नणंदेला देऊन टाकलं होतं. पंडरी मोहल्ल्यात त्या नणंदेच्या घरी गेलो, तर तिथेही सीलबंद.

दोन दिवसांत सगळी पाकिटं ओट्यावर आली. एकही फुटलेलं नव्हतं. कधी नव्हे ते आमच्या बायकांच्या कंजूषपणावर मला प्रेम आलं. छातीवरचं ओझं उतरलं आणि मी खदखदून हसायला लागले. "आई, कोणीच नाही खाल्लं व! आपणच तेवढे येडे!"

आई पाकिटं पिशवीत भरत होती. "त्यायले ते वाणात भेटलं होतं," ती म्हणाली. "मले तू सांगितलं होतं."