भवानी होईपर्यंत

आमच्या नंदुरबारात ऊन असं पडतं की चपलेचं रबर मऊ होतं, आणि अशा गावात माझा खांदा गोठला. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून 'फ्रोजन शोल्डर' असं नाव सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. किती दिवस लागतील, म्हणून विचारलं. वर्ष धरून चला, म्हणाले, रोज भिंतीवर बोटं चढवत राहा. मला वर्षभर थांबता येणार नव्हतं. मला अखाजीच्या आत हात हवा होता.

बाकीच्या महाराष्ट्रात अक्षय तृतीयेला लोक सोनं घेतात. आमच्या खानदेशात ती अखाजी. माहेरवाशिणी येतात, झोके बांधतात, आणि ज्या घरातलं माणूस वर्षभरात गेलं त्या घरात त्याची पहिली घागर भरतात. निखाऱ्यांवर तुपाची धार धरून त्याच्या नावाने घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. जाळ उठला की गेलेल्याने घास घेतला असं धरतात. घास आमरसाचा आणि खापरावरच्या मांड्याचा. यंदा आमच्या घरात घागर माझ्या नवऱ्याची होती.

मांडा पोळपाटावर होत नाही. पुरण भरलेला गोळा जरासा थापायचा, दोन्ही हातांवर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर झेलत वाढवायचा. तो वाढत वाढत कोपरापर्यंत आला की चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद पसरायचा. हात खांद्याइतके उचलले नाहीत तर मांडा होत नाही. मी लग्न होऊन या घरात आल्यापासून मांडे करते. गल्लीतल्या निम्म्या लग्नांत खापरापुढे मीच बसले आहे, आणि बसल्या बसल्या वऱ्हाडातल्या बायकांची उणीदुणीही काढली आहेत. आता उजवा हात छातीच्या वर जात नव्हता. जीभ तेवढी शाबूत होती.

खांदा गेला तो नवऱ्याला कुशीवर वळवता वळवता. त्याला लकवा झाला आणि तो अंथरुणाला खिळला. भरल्या अंगाचा माणूस, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून सारखा वळवावा लागायचा. बोलणं गेलं होतं. नाकातल्या नळीतून पेज द्यायची. मागच्या अखाजीला बाहेरून पुरणाचा वास आला तर त्याने चांगला हात उचलला आणि मनगट फिरवलं, मांडा झेलतात तसं. मी म्हटलं, घशात अडकेल, बरे झालात की करते. त्याने पुन्हा मनगट फिरवलं. मी चमचाभर आमरस त्याच्या ओठांना लावला आणि विषय संपवला. मार्गशीर्षात तो गेला. तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट होती. त्याचा मांडा माझ्याकडे राहिला आहे, आणि तो द्यायला अखाजीसारखा दुसरा दिवस नाही.

मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात आहे. फोनवर विकतच्या मांड्यांचा विषय काढून म्हणाला, "माय, इकत लई येसू ना. आते सगळीकडे भेटतस."

"इकतना मांडा तुन्हा बापले? मी मरी गऊ का?"

त्याने फोन ठेवला. माझ्याशी वाद घालायचा नाही हे तो बापाकडून शिकला आहे.

त्याच सुमारास बसस्टँडामागच्या गल्लीत, मोबाइलच्या दुकानावर, नवीन पाटी लागली. 'मसाज सेंटर, फक्त महिलांसाठी. कंबर, मान, खांदा.' जिन्याच्या कठड्याला उद्घाटनाची लाल फीत अजून बांधलेली होती, फुगे सुरकुतले होते. गावात मसाज या शब्दाला लोक तोंड दाबून हसत होते. मी हसण्याच्या पलीकडे गेले होते. कोणी सांगितलं असतं की गाढवाची लाथ खाल्ली की हात वर जातो, तर मी गाढव शोधत फिरले असते.

सकाळीच निघाले. घरच्या तिळाच्या तेलाची बाटली पिशवीत घेतली, कारण मालिशवाल्या बाईकडे तेल आपलं न्यायचं असतं. जिन्याशी गेले आणि पाय थांबले. वर एक पोरगी दारात खुर्ची टाकून एकटीच बसली होती. दुकान नवीन, दिवस नवीन, अजून गिऱ्हाईक आलेलं नाही. म्हणजे भवानी व्हायची होती. आणि भवानी करायला कोण उभी? मी, कपाळ मोकळं घेऊन.

मला या गोष्टी पटत होत्या असं नाही. पण नवरा गेल्यावर पहिल्यांदाच मी सकाळच्या वेळी कापडाच्या दुकानात गेले होते तेव्हा मालकाची म्हातारी गोड आवाजात म्हणाली होती, "ताई, जराखं थांबा. अजून भवानी नही व्हयनी." मी पायरीवर थांबले होते, आणि माझ्यानंतर आलेली बाई आत गेल्यावरच मला बोलावलं होतं. एरवी तिला सात पिढ्या आठवतील असं बोलले असते. त्या दिवशी कापड घेतलं आणि घरी आले. तेव्हापासून कोणी सांगायच्या आधीच मी थांबते.

तर मी समोरच्या चहाच्या टपरीवर बाकावर बसले. कोणीतरी एक बाई वर जाऊ दे, तिची भवानी होऊ दे, मग मी जाईन. त्या दिवशी कोणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी रोज जायची, चहा घ्यायची, पिशवी मांडीवर धरून जिन्याकडे टक लावून बसायची, ऊन चढलं की घरी यायची. अखाजी जवळ येत होती आणि मी बाकावर बसून होते. रात्री पडल्या पडल्या हात उचलून बघायची. हात जागचा हलायचा नाही, आणि मला रडू यायचं.

टपरीवाला एकदा म्हणाला, "काकू, वर जावानं शे का नही तुमले?"

"जासू. कोनी तं पहिले जाऊ दे."

त्याला काही कळलं नाही. त्याने कप उचलला.

अखाजी परवावर आली तेव्हा मात्र माझा धीर सुटला. तिची भवानी गेली खड्ड्यात, म्हटलं, आणि जिना चढले. पोरगी उठून उभी राहिली. नाशिककडची होती, पंचविशीतली. माझ्याकडे बघून तिचा चेहरा उतरला.

"मावशी, तुम्ही रोज समोर बसता ना?" ती म्हणाली. "तक्रार करायला आलात का?"

"कसली तक्रार?"

"वर कोण येतं ते बघायला तुम्हाला बसवलंय असं वाटलं मला. बायका जिन्यापर्यंत येतात, तुम्हाला बघतात आणि परत जातात. काल दोघी गेल्या. एक म्हणाली, ती काकू बसलीय, उद्या गल्लीभर होईल."

मी तिथेच पलंगाच्या कडेवर बसले. ज्या बाईची मी वाट बघत होते, ती मलाच बघून पळत होती. माझ्या जिभेची गावात एवढी दहशत, आणि ती मी इतकी वर्षं मिरवली. मी तिला सगळं सांगितलं. भवानीचंही. ती म्हणाली, "अहो मावशी, मी तर सकाळपासून कोणी या, कोणीही या, म्हणत असते."

तिने माझंच तेल हातावर घेतलं आणि खांद्यावर हात ठेवला. नवरा गेल्यावर मला कोणी असा हात लावला नव्हता. मी हुंदके देऊन रडले. ती थांबली नाही, चोळत राहिली, ते बरं केलं. मग तिने माझा हात हळूहळू उचलला. खांद्यापर्यंत आला. कानापर्यंत आला. मी म्हटलं, "सोड." तिने सोडला आणि तो खाली पडला.

"जोरमा ओढ, पोरी. माले परवा मांडा करना शे."

"ओढून नाही यायचा, मावशी. रोज थोडं थोडं करावं लागेल." तिने तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं. "तुम्ही आधीच वर यायला हवं होतं."

अखाजीला पहाटे मी चूल पेटवली, खापर ठेवलं. सुरतेहून मुलगा आला होता, तो दारात उभा राहून बघत होता. पहिला मांडा डाव्या हातावर वाढला आणि उजवीकडे फाटला. दुसरा मनगटावरून घसरून खापरावर गोळा होऊन पडला, पुरण जळायला लागलं. तिसऱ्या वेळी दात आवळून हात वर ढकलला तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि सगळं पीठ राखेत गेलं. मुलाने मला धरून बाजूला बसवलं. मग आतून पिशवी आणली. विकतचे मांडे होते. त्याने सुरतेहून येतानाच आणले होते, मला न सांगता.

घागर भरली. त्याने निखाऱ्यांवर तूप सोडलं, आमरसात बुडवलेला मांड्याचा तुकडा बापाच्या नावाने टाकला. मला वाटत होतं की काहीतरी होईल. निखारा विझेल, धूर होईल, घास तसाच पडून राहील. घास टाकताच जाळ उठला. छान उंच, एकसारखा. तुकडा कडेने काळा झाला आणि जळून गेला.

"देख माय," मुलगा म्हणाला, "लिधं ना आप्पानी."