मसाटचं गेट

सिल्वासात मी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. एका दुपारी एक काका आले आणि खुर्चीत बसून गुडघे चोळत म्हणाले, "भाऊ, पोऱ्याला इकडे यायचा व्हिसा काढायचाय."

पोऱ्या इथेच वाढलेला, आता कॅनडाचा नागरिक. घरी यायलाही त्याला व्हिसा लागतो, हे काकांनी काही तक्रार न करता सांगितलं. त्याच्या पासपोर्टचे फोटो त्यांच्या मोबाईलवर होते. प्रत्येक उत्तराआधी ते चष्मा काढून शर्टाला पुसायचे आणि मी कंटाळून थांबायचो.

मुलगा उतरणार कुठे, या रकान्यासाठी त्यांनी मसाटच्या कंपनीचा पत्ता सांगितला. तिथून रिटायर होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती.

"काका, राहता पत्ता लागतो."

"खोल्या बदलत राहिलो भाऊ. आमची पत्रं कंपनीच्या गेटवरच यायची. पोऱ्या माझा डबा घेऊन तिथेच यायचा."

मी अडून बसलो, तेव्हा त्यांनी खिशातून घरमालकाचं लाईटबिल काढलं. दादऱ्याला भाड्याची खोली होती. मी तो पत्ता टाकला, प्रिंट हातात दिली. त्यांनी पत्त्यावरून हळूहळू बोट फिरवलं.

"याचा फोटो त्यालाही पाठवा," ते म्हणाले. "त्याच्याकडे अजून गेटचाच पत्ता आहे."